धुऊन आलेला डबा

नांदेड,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आनंदराज,

सप्रेम जयभीम.

पावणेतीन वर्षांनी माझे अक्षर पाहून तू हे पाकीट न फोडताच ठेवून देशील, ही शक्यता मी गृहीत धरली आहे. तसे केलेस तरी माझी तक्रार नाही. फोडलेस, तर मात्र शेवटपर्यंत वाच. जे सांगायचे आहे ते मला एकदम सांगता येणार नाही, क्रमानेच सांगावे लागेल. माझा स्वभाव तू जाणतोस. बी.कॉम.च्या वर्षांत तूच म्हणायचास, "भागवत, तू चहा पिण्याआधीबी कपाची पडताळणी करून राहिलास की काय?"

आधी लेकीचे, वर्षाराणीचे, कळवतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, म्हणजे मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहावर, औषधांचा जेवढा उपाय होता, तेवढा करून झाला. सप्टेंबरमध्ये हैदराबादला तिचे मोठे आतडे काढावे लागले. पोटावर मलाची पिशवी लावलेली आहे. ती बदलताना ती मला आणि तिच्या आईलाही खोलीबाहेर काढते आणि आतून कडी लावते. वय एकोणीस, वजन एकेचाळीस किलो. डॉक्टर म्हणतात, प्रकृती सुधारते आहे. मी दाराबाहेर उभा राहून तेवढे एक वाक्य मनात घोकत असतो.

जून बावीसमध्ये तिला लातूरला क्लाससाठी घेऊन आलो, तो दिवस तुला आठवत असेल. खानावळी शेकडो होत्या, पण पोरगी तुमच्या खानावळीत चांगुणावहिनींच्या हातचे खाणार म्हणून मी निर्धास्त होतो. वहिनींनी स्वतःच्या नावाचा, तीन पुड्यांचा डबा तिच्यासाठी काढला. झाकणावर 'सौ. चांगुणा' कोरलेले होते. मला म्हणाल्या, "भाऊजी, पुस्तकाचं तिनं बघावं, पोटाचं मी बघते."

ऑक्टोबरात त्यांचा फोन आला होता. हे तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या लेकीचा डबा लई चकाचक धुऊन येऊन राहिलाय. बाकीच्या पोरांचे खरकटे येतेत." मी म्हणालो, "वहिनी, आमच्या घरचे वळणच तसे आहे." त्या म्हणाल्या, "हाव का? बरं. मला तर खरकटा डबा आला की जिवाला बरं वाटतंय, लेकरू जेवलं म्हणून कळतंय. एकदा येऊन बघून जा तिला." पुढच्या आठवड्यात सराव परीक्षांची मालिका सुरू होत होती. मी गेलो नाही. उलट कार्यालयात दोघांना कौतुकाने सांगितले की, आमची मुलगी वसतिगृहातसुद्धा डबा घासून परत पाठवते.

जानेवारीत रक्तस्राव थांबेना, तेव्हा तिला घरी आणले. निदान झाले, आणि मला कारण हवे होते. कारणाशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, अशी माझी तीस वर्षांची सवय आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात मी लिहिले : 'संबंधित खानावळीतील स्वच्छतेबाबत गंभीर शंका असून पालकांनी आपापला निर्णय घ्यावा.' एकच वाक्य. व्याकरणदृष्ट्या निर्दोष. तुमच्या घराबद्दल 'स्वच्छता' हा शब्द लिहिल्यावर लोक त्यात काय वाचतील हे मला कळले नव्हते, असे मी म्हणणार नाही. काहीजण जणू त्या शब्दाची वाटच पाहत होते. आठ दिवसांत ऐंशीपैकी चाळीस डबे बंद झाले, उरलेले हळूहळू सुटले, आणि मे महिन्यात तुम्ही कुलूप लावून चाकूरला गेलात.

आनंदराज, एकोणनव्वद साली माझ्या आईने, धोंडाबाईने, तुझ्यासाठी वेगळी कपबशी वळचणीला ठेवली होती. मी ती तिच्यादेखत अंगणात आपटून फोडली. आई रडली. तू मात्र हसलास आणि म्हणालास, "आता मला चहा कशात देतोस, गड्या?" मी माझा कप तुझ्यापुढे केला. त्या एका कपाच्या आधारावर मी स्वतःला आयुष्यभर चांगला माणूस समजत आलो. तीच वेगळी कपबशी मी चौतीस वर्षांनी साऱ्या लातूरसमोर पुन्हा वळचणीला ठेवली.

याहून वाईट पुढे आहे. वर्षाराणीला घरी आणले, त्या दिवशीचा डबा तिच्या पिशवीतच राहिला होता. पूर्ण भरलेला. तो भरलेला का, असे मी तिला विचारले नाही. पुरावा म्हणून मी तो खासगी प्रयोगशाळेत दिला. तीन आठवड्यांनी अहवाल आला : अन्नात कोणताही दोष नाही. तेव्हा तुमचे निम्मे डबे चालू होते. तो अहवाल मी त्या गटात टाकू शकलो असतो. मी तो फाईलला लावला. आजवर तो मी कोणालाही दाखवलेला नाही. त्याची मूळ प्रत सोबत जोडली आहे.

शस्त्रक्रियेआधी हैदराबादच्या डॉक्टरांनी विचारले, आजार सुरू होण्यापूर्वी मुलीचा आहार काय होता? मी वही काढली. वहिनींच्या डब्यात कोणत्या वारी काय असे, ते मी पहिल्या दिवशीच लिहून घेतले होते. ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, गुरुवारी उसळ, असे मी वाचू लागलो, तोच वर्षाराणी म्हणाली, "बाबा, वही ठेवा. तो डबा मी खातच नव्हते." पोटातल्या कळा ऑगस्टमध्येच सुरू झाल्या होत्या. भाकरी खाल्ली की क्लासमधून उठावे लागे, आणि मजल्यावर संडास एकच. म्हणून ती डबा गुपचूप कुत्र्यांना घाली, घासून परत पाठवी, आणि पाकिटातल्या नूडल्स, बिस्किटे व शीतपेयांवर दिवस काढी. मी म्हणालो, म्हणजे पाकिटांनी हे झाले. डॉक्टर म्हणाले, अशा खाण्याने धोका वाढत असावा असे काही अभ्यास सांगतात. पण तुमची मुलगी तिकडे वळली ती आधीच दुखू लागले होते म्हणून. या आजारात शरीराचा उपजत कल, आतड्यातले जंतू, खाणे, असे पुष्कळ एकत्र येते. "साहेब, हा आजार कुणाच्या एका ताटातून येत नसतो." मी वही मिटली.

बाहेर आल्यावर मी तिला विचारले, तेव्हाच का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "एक दिवस क्लास बुडाला तर तुम्ही तीनदा फोन करायचात, बाबा." तिने ते रागाने म्हटले नाही. एका भरलेल्या आणि अनेक धुतलेल्या डब्यांचा अर्थ लावायला मला तीन वर्षे लागली. वहिनींना तो डबा हातात घेताच कळला होता, आणि त्यांनी मला बोलावलेही होते.

दोन वर्षांपूर्वी वहिनी वारल्या, ते मला त्याच दिवशी कळले. मी मोंढ्यावरच्या थांब्यापर्यंत आलो, चाकूरवरून जाणारी लातूरची बस समोरून जाऊ दिली आणि परत फिरलो. माझ्या त्या संदेशाने त्या गेल्या, असे मी लिहिणार नाही. तसे लिहिणे म्हणजे पुन्हा एकच कारण शोधणे होईल. पण शेवटचे सहा महिने त्यांना रोज लेकरांसाठी चूल पेटवता आली असती. ती मी विझवली, एवढे निश्चित आहे. गटातल्या ज्यांचे पत्ते मिळाले, त्या सर्व पालकांना काल अहवालाची प्रत आणि माझी लेखी कबुली पाठवली आहे. फार उशिरा पाठवली आहे, हे जाणतो.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. वहिनींचा डबा अजून माझ्याकडे आहे. येत्या तेवीस तारखेला, रविवारी, त्यांचा दुसरा स्मृतिदिन. तू नाही म्हणाला नाहीस, तर तो घेऊन आम्ही बापलेक चाकूरला येऊ. कुणाचे भांडे रिकामे परत करू नये, असे आई सांगे. म्हणून वर्षाराणीच्या आईने त्यात साखर भरून ठेवली होती. ती वर्षाराणीने काढून ठेवायला लावली. ती म्हणते, डबा रिकामाच न्यायचा आणि काकांकडून भरून घ्यायचा. हल्ली तुझा स्वयंपाक तूच करतोस असे ऐकतो. तिला मऊ भात आणि पातळ वरण चालते. तेवढे घाल. ती तुझ्या अंगणात बसून जेवेल, आणि तू हो म्हणालास तर तिच्या शेजारी त्याच डब्यात मीही. जेवण झाल्यावर डबा तुझ्या हातात देऊ. या वेळी तो धुतलेला नसेल.

तुझाच,
भागवत