डावी पाकळी

रत्नागिरी, शनिवार, नोव्हेंबर १९८४

"मुलगा होईल का म्हणून कौल लावला, तर देवाने डावी पाकळी पाडली, म्हणजे नाही. पुढचीही मुलगीच! मुलाला दुसरी बघत्ये," म्हणत माझ्या बहिणीची, सुमीची सासू तिला तिन्ही लेकींसकट आमच्याकडे सोडून गेली.

"विहीणबाई, ते पुरुषाच्या बीजावर ठरतं," मी म्हटलं.

"व्याही, माझ्या मुलाचं बीज काढू नका!"

मग डॉक्टरमित्राच्या सूक्ष्मदर्शकात पुरुषबीजं पाहिली. मुलीचं बीज म्हणे कणभर जड. मला सगळी सारखीच दिसली. शेपट्या हलवत, मुकाट निघालेली. कुठे?

परतलो तर तिन्ही भाच्या उंबऱ्याबाहेर.

"कौल खेळतोय, मामा. भिंतीला दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, डावी पडली की बाहेर. आता आईची पाळी."

आत सुमी एकटी. भिंतीवरची डावी ओली पाकळी मुकाट सरकत होती. मी, विज्ञान सांगणारा, ती दाबून धरली. उजव्या हाताने हे लिहितोय. डावा अजून भिंतीवरच आहे.