माझा डावा रकाना

१ जानेवारी, पहाटे ५.००
उठलो! चर्चच्या पाळकसेवेच्या पदवीचं दुसरं वर्ष, दुसरं सेमिस्टर. संकल्प तीन. रोज पाचला प्रार्थना. रोज ग्रीकचे वीस शब्द. आणि नम्रता. कॉलेजात माझ्याइतकं नम्र कोणी सापडता कामा नये.

१ जानेवारी, सकाळी ९.४०
प्रार्थनेत एकाग्रता इतकी साधली की गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठला. ग्रीक उद्यापासून.

३ जानेवारी
प्लेसमेंट लागली, म्हणजे एका चर्चमध्ये प्रत्यक्ष सेवेचा सराव. तिसऱ्या वर्षी पाळकसेवेच्या वर्गात बसायचं तर तिथल्या मंडळीच्या पंचांची शिफारस लागते. ती नाही मिळाली तर नुसती पदवी घ्यायची आणि घरी जायचं. पण माझ्या बाबतीत हा प्रश्नच नाही. बाबांनी तर कुलपांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलंय की पोरगा पाळक होणार. किल्ली तयार होईपर्यंत गिऱ्हाइकाला पळताही येत नाही.

मला वाटलं होतं व्यासपीठ मिळेल. तिथल्या पाळकसाहेबांनी दिल्या एक मावशी. पूर्वी शिवणकाम करायच्या, आता एकट्या राहतात. दर मंगळवारी चार वाजता तासभर त्यांना भेटायचं आणि भेटीची नोंद ठेवायची. कागदावर दोन रकाने: डावीकडे मी काय बोललो, उजवीकडे त्या काय बोलल्या, शब्दशः. असो. एका माणसापुढेही मी हजारांपुढे बोलल्यासारखा बोलेन.

७ जानेवारी
तिसरा मजला, लिफ्ट बंद. खोलीत झाकून ठेवलेलं मशीन, दोन खुर्च्या, भिंतीला लटकवलेली मापाची टेप. खुर्चीत टेकायच्या आतच सुरू केलं. विषय सहनशीलता. बावन्न मिनिटं! शेवटी मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. जांभई देताना आलं, पण पाणी ते पाणीच.

नोंद लिहिली. डावा रकाना सहा पानं. उजव्यात: “हं.” “खिडकी लाव जरा.” “हं.” माझा रूममेट ग्रीकमध्ये पहिला येतो, म्हणून सगळे त्याला पंडित म्हणतात. त्यानं नोंद चाळली आणि विचारलं, की डाव्या रकान्याला आणखी एक वही जोडायची का. मत्सर माणसाला कसा पोखरतो!

१४ जानेवारी
पाचच्या प्रार्थनेची वेळ सातवर आणली. देवाला घड्याळाचं बंधन नाही, मीच उगाच घालत होतो.

मावशी आज मध्येच म्हणाल्या की परवा डॉक्टरांकडे गेले होते. मी तो धागा अलगद उचलला आणि पाप हा आत्म्याचा रोग कसा, यावर वळलो. काय ही समयसूचकता! अशा गोष्टी शिकवून येत नाहीत.

२३ जानेवारी
उपदेशाच्या तासाला माझी पाळी. दहा मिनिटं द्या म्हणाले होते, मी त्रेचाळीस दिली. मॅडमनी तीनदा घंटा वाजवली, मग घंटा टेबलावर ठेवून त्या बाहेर पाणी प्यायला गेल्या. वर्गातल्यांनी अभिप्रायाच्या चिठ्ठ्या लिहायच्या असतात. बारापैकी अकरा चिठ्ठ्यांवर एकच वाक्य: “शेवट आवडला.” अकरा जणांचं एकमत! बाराव्या चिठ्ठीवर फक्त “आला का?” एवढंच होतं. अक्षर पंडितचं.

२८ जानेवारी
मावशी म्हणाल्या, पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करायचं म्हणतात. मी म्हटलं, बरोबर, आणि दगडाचं काळीज या मुद्द्यावर गेलो. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. भारावल्या असणार.

ग्रीकची चाचणी. शंभरात एकोणीस. पण पुढं मंडळी काय ग्रीकमध्ये प्रवचन ऐकणार आहे?

११ फेब्रुवारी
आज कमालच झाली. मी श्वास घ्यायला थांबलो, तर त्या म्हणाल्या की भीती वाटते. भीती! भीतीवरचं तीन मुद्द्यांचं प्रवचन माझ्या खिशातच होतं! हा निव्वळ योगायोग असू शकत नाही. तिसऱ्या मुद्द्याला आवाज असा लागला की खालच्या मजल्यावरून कोणीतरी छत ठोकलं.

ताईला फोन करून सगळं ऐकवलं. ताई नर्स आहे. तिनं विचारलं की मावशींना कसली भीती वाटते. म्हटलं, तो माझा विषयच नव्हता. तिनं फोन ठेवला. ड्यूटी असेल.

२५ फेब्रुवारी
आठवा मंगळवार. मावशी काही सांगायला लागल्या: मुलगा लांब असतो, येता येणार नाही म्हणाला, चार तारखेला सकाळी कोणी सोबत... पण पाच वाजायला चार मिनिटं होती आणि समारोप बाकी होता. हात वर करून त्यांना थांबवलं. नम्रपणे. नोंद मात्र इमानदारीत केली, शब्द न् शब्द. एकूण त्रेसष्ट पानं झाली. स्पायरल बाइंडिंग करून पंचांकडे पाठवली.

२८ फेब्रुवारी, सकाळी
आज पंचांची मुलाखत. पंडितचा कोट घातलाय. बाह्या आखूड आहेत, पण हातवारे जास्त दिसतील. शिफारस मिळाल्यावर करायचं आभाराचं भाषण तयार आहे. अठ्ठावीस मिनिटं.

२८ फेब्रुवारी, दुपारी
लांब टेबल, पाच पंच, मध्ये माझी त्रेसष्ट पानं. मुख्य पंच शाळेतल्या निवृत्त बाई. त्या म्हणाल्या, वाचून दाखवते. मी सावरून बसलो. त्यांनी फक्त उजवा रकाना वाचला.

अर्धं मिनिट लागलं.

“खिडकी लाव जरा. परवा डॉक्टरांकडे गेले होते. पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करायचं म्हणतात. भीती वाटते. मुलगा लांब असतो, येता येणार नाही म्हणाला. चार तारखेला सकाळी कोणी सोबत...” अधूनमधून हं. बाकी काही नाही.

मग त्यांनी मला विचारलं, की चार तारखेला कोण जातंय.

माझ्याकडे कुठल्याही विषयावर तीन मुद्दे असतात. आज मी वही ओढून घेतली आणि उजवा रकाना स्वतः वाचला. लाज वाटली. खरी. मीच लिहिलं होतं सगळं, माझ्याच हातानं, सुवाच्य अक्षरात.

शिफारस नाही. पुढचं वर्षभर परत भेटी करायच्या, मग बघू म्हणाले. बाबांना फोन केला. ते म्हणाले, आता गिऱ्हाइकांना काय सांगू? तरी हळूच विचारलं, की जेवलास का.

४ मार्च, सकाळी ७.१५
मीच गेलो. तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेलो. मावशी पिशवी भरून दारातच बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या की आज प्रवचन नको रे, उपाशीपोटी आहे. रिक्षात त्या बोलत होत्या. मुलगा लहानपणी मशीनखाली कसा झोपायचा, खालच्या मजल्यावरचे काका रागीट आहेत पण औषधं आणून देतात. हॉस्पिटल आलं तरी संपलं नव्हतं. मला बऱ्याच जागी मुद्दे सुचले. गिळले.

काउंटरवरच्या क्लार्कनं फॉर्म भरायला घेतला. पेशंटचं नाव, वय, पत्ता. मग विचारलं, सोबत कोण. मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, हा आहे ना. क्लार्कनं विचारलं, याचं नाव?

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. ओशाळल्या बिचाऱ्या. आठ मंगळवार मी त्यांच्यासमोर बसून बोललो होतो, आणि नाव सांगायचं राहूनच गेलं होतं.