माझ्या लॅपटॉपवर चालतंय

सोमवार, ४ मार्च
झालं! कापड बेतायचं माझं ॲप अखेर उभं राहिलं. पोशाखाचे तुकडे कापडावर असे लावून देतं की चिंधीसुद्धा वाया जायला नको. ताईच्या शिवणाच्या दुकानासाठीच केलंय. पण माझ्या लॅपटॉपवर उबंटू, तिच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर फेडोरा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्याच दोन तऱ्हा – माझं पॅकेज तिथे बसेचना. ताई म्हणते, "दोन्ही लिनक्सच ना? मग सख्ख्या बहिणींसारखी भांडतात कशाला?"

आता फ्लॅटपॅक करते. एकच गाठोडं, कुठल्याही लिनक्सवर चालतं.

मंगळवार, ५ मार्च
गाठोडं बांधलं! म्हटलं, सार्वजनिक स्टोअरवरच टाकते, ज्याला हवं त्याला मिळेल. ताई कडाडली – "मुळीच नाही. समोरच्या शिंप्याला मिळेल." तो हिचा हाडवैरी. दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात तरबेज.

बुधवार, ६ मार्च
नाटकमंडळींची मखमल आली. अगदी बेताची – कापताना चुकलं तर तसली पुन्हा मिळणार नाही. ताईची झोप उडालीय. मी छाती ठोकून सांगितलं, ॲप आहे ना!

गुरुवार, ७ मार्च
फजिती. ताईकडे ॲप उघडतं, पण तुकड्यांच्या आकृत्यांचं फोल्डर रिकामं दिसतं. "माझ्या लॅपटॉपवर चालतंय गं," हे मी इतक्यांदा म्हटलं की तिने फोनच ठेवला.

शुक्रवार, ८ मार्च
सापडलं! फ्लॅटपॅकमधलं ॲप खोलीत कोंडल्यासारखं असतं, बाहेरच्या फाइली बघायला परवानगी लागते. माझ्या लॅपटॉपवर मी ती कधीच देऊन टाकली होती. पॅकेजमध्ये लिहायला मात्र विसरले. शहाणीच आहे मी! दुरुस्त करून पाठवलं.

ताईचं उत्तर – "राहू दे. मखमल कापून झाली." कशी? तर काल कागदी तुकडे काखोटीला मारून बाई रस्ता ओलांडून गेली. समोरच्याच्या लांबलचक टेबलावर दोघांनी दिवसभर खपून हातानेच बेतली. "माणूस तसा बरा आहे," म्हणाली. मला हसू आवरेना.

शनिवार, ९ मार्च
ॲपचं थोडं वाईट वाटतंय. पण मखमल पुरली!

शुक्रवार, २२ मार्च
ताई म्हणाली, "टाक ते स्टोअरवर."
"समोरच्याला मिळेल ना पण?"
"मिळू दे की."
टाकलं. दिवसभर गुणगुणतेय.

रविवार, ७ एप्रिल
ताईचा फोन. "अगं, समोरच्याकडे तिसरंच लिनक्स आहे, तरी तुझं ॲप लगेच चाललं. आता दोन्ही दुकानं एकत्र करतोय." मग हळूच म्हणाली, "म्हणजे – लग्नच करतोय."