शेजारच्या डब्याचा परकीय पाठिंबा

ती. इंदिराताई,

जबलपूरहून तुझ्या धाकट्या भावाचा, चंद्रशेखरचा, साष्टांग नमस्कार. नागपूरच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. अक्षर बघून दचकू नकोस, कारण शेवटी कळेलच. मी ठणठणीत आहे (कोणी वेगळं सांगितलं तर ऐकू नकोस).

गेल्या रविवारी इथल्या मंडळात वादविवाद झाला. एका देशातल्या आंदोलकांना दुसऱ्या देशांनी पाठिंबा द्यावा का? मी म्हणालो, द्यावाच! बत्तीस वर्षं फॅक्टरीच्या गेटवर भाषणं ठोकलेला माणूस आणखी काय म्हणणार? ज्याच्या तोंडावर त्याचंच सरकार हात ठेवतं, त्याचं बाहेरच्याने ऐकायचं नाही तर कोणी ऐकायचं? रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी दिवाकरराव विरुद्ध बोलले. म्हणे, पाठिंबा देणारा आपला स्वार्थ घेऊन येतो, आणि तो निघून गेला की मार आंदोलकच खातो. टाळ्या मला जास्त पडल्या.

त्या आनंदात स्कूटरवरून येताना सिव्हिल लाइन्सच्या वळणावर मी पनागरच्या भैयालालच्या वांग्यांच्या ढिगात शिरलो. "दद्दा, इत्ते बड़े भटा नईं दिखे?" असं तो चारचौघांत म्हणाला. रस्त्याच्या कडेला वांगी मांडणं ही चूक कोणाची, हे मी त्याला ठणकावून विचारलं. चेपलेली वांगी मात्र घरी आणावी लागली.

ती बघून तुझ्या भावजयीने, प्रतिमाने, स्वयंपाकघरात टूल-डाउन, म्हणजे कामबंद, जाहीर केलं. माझाच शब्द, माझीच पद्धत, आणि बसायला माझ्याच युनियनची सतरंजी! मागणी एकच, माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी "काहून?" म्हटलं, तर म्हणते, "उद्या वांग्यांच्या जागी ट्रक राहील. तारीख घ्या, मग ताट वाढीन." (इथे पेन जरा जोरात टेकलं आहे.) चार दिवस मी चौकातल्या पोह्यांवर आहे. आणि तिला दिवाकररावांच्या घरून दोन्ही वेळा डबा येतो! परक्यांनी मधे पडू नये म्हणणारे दिवाकरराव स्वतः कढीचं झाकण धरून येतात. ताई, हा आमच्या घरचा अंतर्गत प्रश्न आहे. यामागे बाहेरची शक्ती आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं भाषण ऐकून माझं मत बदललं." तरी भाषण मी मागे घेणार नाही, आणि ऑपरेशन तर मुळीच करणार नाही.

तुझा (न झुकलेला)
चंद्रशेखर

ता.क. तू लगेच ये आणि माझ्या बाजूने बस. सख्खी बहीण काही परकी नसते.

आणखी ता.क. बाबांचा डोळा ऑपरेशननंतर गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तू त्यांना हाताला धरून अंगणात नेत होतीस. ताई, मला भीती वाटते गं.

ताई, मी प्रतिमा. हे पत्र मीच लिहिलं, ह्यांना आता ओळ दिसत नाही. टूल-डाउन चुलीपुरतं होतं, टपाल अत्यावश्यक सेवेत येतं. एक शब्द बदललेला नाही. बाबांच्या डोळ्याचं मला आज कळलं, लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाल्यावर. संप मागे घेतला आहे, वांग्यांचं भरीत होतंय. ऑपरेशन मंगळवारी आहे, तारीख मी परवाच घेतली. तुम्ही सोमवारी या आणि ह्यांच्याच बाजूने बसा, हात धरून. हे शेवटचं ह्यांना वाचून दाखवलेलं नाही.