गिअर कोणता होता

माजरी, ता. भद्रावती
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय डोमाभाऊ यांना नागसेनचा जय भीम.

पत्रावर माझं नाव पाहून तुम्ही ते फाडाल, असं वाटतं. फाडण्याआधी वाचा, एवढीच विनंती. पत्ता आलापल्लीला बांबू भरायला जाणाऱ्या धनराज ड्रायव्हरनं मिळवून दिला. तुम्ही आता शेतातले पंप दुरुस्त करता, असं तो म्हणाला. वहिनींचा गुडघा दुखायचा, आता कसा आहे?

इकडं बरं आहे. मी कोळशाच्या गाडीवर आहे. थंडी सरली, पण धूळ तशीच. घरात पाण्याच्या गुंडावरसुद्धा फडकं टाकावं लागतं. रिना बावीस वर्षांची झाली. गॅरेजात तुम्ही जिला औजारांच्या पेटीवर बसवून मुरमुरे द्यायचे, तीच. बी. ए. झाली. गडचिरोलीकडं खाणीच्या गाड्यांवर मुलींनाही घेतात, हे ऐकल्यापासून तिला ट्रकच चालवायचा आहे. मी अडवलं नाही. खरं सांगतो, मला आनंदच झाला.

गेल्या महिन्यात तिनं लायसन आणून माझ्या हातात ठेवलं. जड वाहनाचं.

"शिकली कुठी?" मी विचारलं.

"शिकाचं काय त्यात? चारचाकी येतेच ना मले. एजंटानं काढून देल्लं. ड्रायव्हिंग शाळेचा कागदबी त्यानंच आणला."

कागदावर लिहिलं होतं, रिनानं ट्रक चालवण्याचं प्रशिक्षण पूर्ण केलं. भाऊ, ती ट्रकच्या केबिनमध्ये कधी चढलीसुद्धा नव्हती.

मालकाला विचारून रविवारी रिकामी गाडी घेतली अन् तिला बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्यावर नेलं. तिथं माणूस नसतो. चढ ती छान चढली. उतार लागला तशी तिनं गाडी गिअरमधून काढली अन् न्यूट्रलमध्ये सोडून दिली. गाडी धावायला लागली. ही हसत म्हणते, "डिझेल वाचते बाबा, सगळेच असे उतरवतात." मी इतक्या जोरात ओरडलो की तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी खाली जाऊन थांबली.

"एवढे काऊन भेले? थांबली ना गाडी."

"रिकामी होती म्हणून थांबली. भरलेली असती तर ब्रेक जळले असते."

"तुमाले कसं माहीत?"

मी आधी तिला गाडी बंद करायला लावली. मग तिला सांगितलं. आता तुम्हाला लिहितो, जरी तुम्हाला ते त्या दिवसापासून माहीत आहे.

सोळा वर्षांपूर्वी ती बांबूची गाडी मी पूर्ण उतारभर न्यूट्रलमध्ये आणली होती.

मला ट्रक येत नव्हता, भाऊ. ट्रॅक्टर येत होता. टेस्टच्या दिवशी मला एका जीपमध्ये बसवलं, मैदानाला एक चक्कर मारायला लावली अन् ट्रकचं लायसन मिळालं. ज्या गिअरनं चढलो त्याच गिअरनं उतरायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं अन् मीही कोणाला विचारलं नाही. विचारलं तर येत नाही हे कळलं असतं. तुमच्या गॅरेजात रोज उभा राहायचो. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हसला नसता.

पण तो अडाणीपणा झाला. त्यानंतरचं अडाणीपणातलं नाही.

उताराच्या पायथ्याशी ब्रेक लागेनात; तिथल्याच स्टॉपवर सोमारीबाई एसटीची वाट पाहत उभी होती. तिचा पाय गाडीखाली आला. तिला दवाखान्यात नेल्यावर तुम्ही जीपनं आलात. चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला अन् चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नागसेन, गिअर कोणता होता?"

मी म्हणालो, "तिसरा."

तुम्ही माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी रस्त्यावर सांडलेल्या बांबूंकडं पाहिलं. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर पुढचं टळलं असतं. नंतर सगळे म्हणाले, मिस्त्रीनं ब्रेक नीट केले नव्हते. गाडीच्या मालक शेठनं तुम्हाला कामावरून काढलं. चंद्रपुरात एकाही गॅरेजनं उभं केलं नाही. त्याआधी सोमारीबाईचा मुलगा श्रीहरी गॅरेजात येऊन तुमच्यासमोर थुंकला, तेव्हा मी ट्रकच्या मागं उभा होतो. तुम्ही मान खाली घालून पाना पुसत होता. ते मी पाहिलं आहे.

सोमारीबाईचा पाय कधी सरळ झाला नाही. मी भेटायला जायचो. ती म्हणायची, "तुहा काय दोष बाबू, त्या मिस्त्रीनं घात केला." मी ऐकून घ्यायचो अन् तिच्या हातचा चहा प्यायचो. ती गेली, त्याला चार वर्षं झाली.

रिनानं सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हणजे डोमाकाकाचे ब्रेक चांगले होते?"

"हो."

"मंग हे मले सांगून काय फायदा?" एवढं बोलून ती खाली उतरली अन् घरापर्यंत पायी गेली. मी हळूहळू गाडी तिच्या मागं नेत होतो. तिनं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर मी श्रीहरीकडं गेलो. त्यानं मला मारलं नाही. घरातही घेतलं नाही. अंगणात उभं ठेवून म्हणाला, "लिहून दे." मी लिहून दिलं. तोच कागद चंद्रपुरात ड्रायव्हर-मालकांच्या बैठकीत उभा राहून वाचला. जुने शेठ आता नाहीत, त्यांचा मुलगा होता. माझी सही असलेली एक प्रत या पत्रासोबत आहे. माझं काम जाईल कदाचित, पोलीसही बोलावतील. जे होईल ते होऊ द्या. रिनानं ते लायसन स्वतःच कपाटात ठेवलं आहे. शिकून, खरी टेस्ट देऊनच हात लावीन म्हणते.

माफ करा असं लिहायला दोनदा पेन टेकवला. उचलला. तो शब्द मी श्रीहरीच्या अंगणात वापरला होता, तिथंच तो फार लहान वाटला.

तुमचं नाव बुडवून आपलं वाचवणारा,
नागसेन


आलापल्ली
२३ फेब्रुवारी

नागसेन,

मी सांगून राह्यलो, सून नंदिनी लिहून राह्यली. मले बारीक दिसत नाई आता.

तुह्यं पत्र आलं. नंदिनीनं वाचलं. मी म्हटलं, अजून एकदा वाच. तुही वहिनी आयकून रडली. मी नाई रडलो. मले राग आला. म्हणून इतके दिवस उत्तर नाई देल्लं.

वहिनी कधी तोंडानं बोलली नाई, पण तिलेबी वाटे का माह्याच हातून चुकलं. मंग मलेबी तसंच वाटाले लागलं. त्या ब्रेकचा एकेक नट मी मनात किती खेपा खोलून कसला, त्याची गिनती नाई. तू मले एवढंबी सांगतलं असतं, एकट्यात, कोणाले न कळू देता, तरी माही सोळा वर्षं बरी गेली असती.

तू सही केलेला कागद मी पोराले वाचाले देल्ला. वाचून तो माह्याजवळ येऊन बसला.

माफीचं तू लिहिलं नाई ते बरं केलं. ते माह्यं मी पाहीन.

पोरीले पाठव. इथी ओळखीच्या माणसाचं गॅरेज आहे. ड्रम खोलून दाखवतो, तापला का ब्रेक कसा सुटते ते. तिनं आपल्या हातानं पाह्यलं पाह्यजे. आठ-दहा दिवस राहू दे, वहिनीजवळ झोपन. उतारावर मी स्वतः बाजूले बसन.

तू तिले बसस्टँडवर सोड अन् त्याच गाडीनं वापस जा. सध्या तुह्यं तोंड पाहाले मले जमणार नाई. पुढचं मले माहीत नाई.

डोमा मिस्त्री