कोणी धरलं?

६ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
ताईचे अ. उ. आ.

कारण असल्यामुळेच लिहिते आहे, नाहीतर तू म्हणशील ताईला हल्ली पत्रांचा उमाळा कुठून आला. फोन बाबांच्या खोलीत आहे आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

गिरणी विकत घ्यायला एक गिऱ्हाईक आलं आहे. धान्याचा मोठा व्यापारी, बंदरावर त्याची गोदामं आहेत. चाळिशीचा, चष्मा, तुझ्यासारखेच मागे वळवलेले केस, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. आम्ही त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं आहे. मी रोलरपाशी पिठाने पांढरी झालेली असते, तेवढ्यात हा मागच्या दाराने थेट बाबांच्या खोलीत जाऊन बसतो. मी त्याला नाही म्हणून सांगितलं, तर त्याने मला जगाचा भूगोल शिकवला. म्हणे येत्या दहा वर्षांत जगात धान्य वाढेल ते जमीन वाढून नाही, आहे त्याच जमिनीतून जास्त काढून. माणूस आज खातो तेवढंच पीठ खाणार, वाढणार ते दूध, मांस आणि तेल. म्हणजे वाढीव धान्य गुरांच्या आणि कोंबड्यांच्या पोटात. विकणारे देश मोजके, घेणारे ढीगभर, आणि पीठ बंदरावरच दळलं जाणार. तेव्हा आमच्यासारख्यांनी आत्ताच पशुखाद्याचं गोदाम होऊन मोकळं व्हावं. गोदाम अर्थातच त्याच्या मालकीचं.

पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती निराळ्याच गोष्टीने. बोलता बोलता तो म्हणाला की यात हवामान नेहमीसारखं धरलेलं आहे आणि सरकारी धोरणं आहेत तशीच धरलेली आहेत. धरलेलं! अख्ख्या जगात असं बोलणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो आमटीत मीठ बरोबर असेल असं धरूनच जेवायला बसतो. तुमच्या कार्यालयाचा तो जगाच्या धान्याचा पुढच्या दहा वर्षांचा अहवाल उन्हाळ्यात बाहेर पडायचा आहे असं तूच म्हणाला होतास. मग तो याच्या तोंडी आत्ताच कसा?

बाबा त्याच्यावर बेहद्द खूश आहेत, चक्क बाळ म्हणतात त्याला. काल जेवताना त्यांनी सांगून टाकलं की गिरणीचा शब्द त्यांनी दिला आहे आणि पुढच्या महिन्यात सह्या. मालक तेच, त्यामुळे माझं 'नाही' गोडबोल्याच्या लेखी चाळून टाकलेला कोंडा. इतकी वर्षं मी या पट्ट्यांच्या आवाजात काढली. गिरणी गेली तर मी सकाळी उठून कुठे जाऊ ते सांग.

तुला गिरणी कधीच नको होती. म्हणून आडपडदा न ठेवता विचारते, यात तुझा हात आहे का?

बाकी बाबांची तब्येत उत्तम. लोभ आहे, तो वाढवायचा की आटवायचा ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

तुझी ताई

*

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग जेवण गेलं नाही. हा गोडबोल्या कोण, कुठला, मला काडीची माहिती नाही. तुझा भाऊ आकड्यांत बुडालेला असेल, पण विकला गेलेला नाही.

तू मला अंदाजपंत म्हणतेस, पण आम्ही भविष्य सांगत नाही हे तुला कितीदा सांगू? आज आहे तेच पुढे चालू राहिलं तर रेघ कुठे जाईल एवढंच आम्ही काढतो. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला 'असं धरून चाललो आहोत' हे लिहावंच लागतं. एखाद्या वर्षी पाऊस रुसला, कुणी निर्यात बंद केली, की रेघ गेली उडत. बाजारात तुरी आणि आमचं आधीच भांडण.

अहवालाची कच्ची पानं आमच्याकडे कुलपात असतात. बाहेर एकच प्रत जाते आणि ती मी पाठवतो, बाबांना. दरवर्षी. हे तुला ठाऊक आहे. ते आकड्यांना हात लावत नाहीत. लाल पेन्सिलीने फक्त प्रत्येक 'धरलं' भोवती गोल काढतात आणि समासात लिहितात, कोणी धरलं? त्या गोलांपायी मी पानंच्या पानं पुन्हा लिहिली आहेत, आणि आमच्या विभागप्रमुख बाईंना वाटतं मी फार काटेकोर आहे. यंदा पानं नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाठवली. अजून परत नाहीत.

तेव्हा आता संशय घ्यायची पाळी माझी. पानं कुठे आहेत, ताई? तू बाबांच्या तब्येतीला आजवर 'ठीक' च्या वर कधी चढवलं नव्हतंस, यंदा एकदम 'उत्तम' कशी झाली? फोनवर ते मला इकडच्या हवेचं विचारतात, पुन्हा हवेचंच विचारतात आणि रिसीव्हर तुझ्या हातात देतात. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुझी, माझी नव्हे. कुठेतरी पाणी मुरतं आहे.

आणखी एक, तुला आवडणार नाही तरी. गोडबोल्याची रेघ चुकीची नाही. फक्त त्या रेघेत आपली गिरणी कुठेच नाही. आम्ही आकडे पूर्णांकात मांडतो तेव्हा इतक्या लहान गोष्टी गळून पडतात. त्या बुडतील असंही त्यात नाही आणि तरतील असंही नाही.

राग धरू नकोस. माझा लोभ जुना आहे, त्याला असं चाळणीत घालू नकोस.

तुझा,
बाळ

*

१८ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

पानं मी पाहिलेली नाहीत. बाबांना विचारलं तर ते म्हणाले टपाल आलंच नाही. मग मी आपल्या फिटरला विचारलं, कारण दारात पट्टा शिवत बसलेला असला तरी कोण आलं, कोण गेलं ते त्याला पक्कं माहीत असतं. तो म्हणाला गोडबोल्या मागच्या खेपेला पिवळं पाकीट काखेत मारून निघाला, आणि पाकिटावर तुझ्या कार्यालयाचा शिक्का होता. काखेत कळसा आणि आपण गावाला वळसा घालतो आहोत.

आता तूच सांग मी काय समजू. पाकीट तुझं, शिक्का तुझा, शब्द तुझे, आणि म्हणे मला काडीची माहिती नाही. बाबांकडून लाल गोल काढून घ्यायचे आणि पानं परस्पर दुसऱ्याच्या काखेत, असा तर तुमचा व्यवहार नाही ना? मी रात्रंदिवस एकच दळण दळते आहे आणि त्यातून पीठ काही पडत नाही.

उत्तम म्हणजे उत्तम. थोडं विसरतात. चष्मा, वार, दिवा लावलेला. वयाच्या मानाने इतकं चालायचंच. माझ्यावर उलट संशय घेण्यापेक्षा माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

लोभ सध्या आहे तिथेच आहे.

ताई

*

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

आज भांडत नाही. तुझं पहिलं पत्र मी पुन्हा वाचलं आणि एका ओळीवर अडकलो. बाबा त्याला बाळ म्हणतात, असं तू लिहिलं आहेस. ताई, बाबांनी माझ्याशिवाय कुणाला बाळ म्हटलेलं तुला आठवतं का? शेजारची पोरं अंगाखांद्यावर खेळली तरी त्यांना ते 'ए मुला' म्हणत. आईने एकदा हट्टाने माझ्या मित्राला बाळ म्हणायला लावलं, तर ते त्या दिवशी त्याच्याशी बोललेच नाहीत.

चष्मा, मागे वळवलेले केस, चाळिशी. हे तूच लिहिलं आहेस, मी नाही.

त्यांना एवढंच विचार की पानं कोणाला दिली. मात्र तू गिऱ्हाइकाला विचारतेस तसं कमरेवर हात ठेवून विचारू नकोस. आणि ते काय काय विसरतात ते मला खरं लिही.

पानं बाहेर गेल्याचं मी बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अहवालातलं माझं प्रकरण माझ्याकडून काढून घेतलं. त्याचं वाईट वाटायला अजून सवड झालेली नाही.

तुझा,
बाळ

*

१ मार्च

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

कमरेवर हात ठेवला नाही. दुपारी त्यांची नखं कापत होते तेव्हा विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले, मीच विसरभोळी झाल्यासारखे. म्हणाले पानं बाळालाच दिली, तो स्वतः आला होता, मग टपालाचा खर्च कशाला. मी विचारलं गिरणीचं काय. तर म्हणाले बाळाने इतक्या वर्षांत एकदा तोंड उघडून मागितली, मग त्याला द्यायची नाही तर कोणाला? हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला पुढचं नख दिसेना.

आता खरं लिहिते. गेल्या वर्षापासून चाललं आहे. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती अंघोळ करून आली का, म्हणून विचारतात. कधी गिरणी चालू असताना विचारतात की हा आवाज कसला. तुला कळवलं नाही, कारण तू आला असतास, बघितलं असतंस आणि पुढच्या दहा वर्षांची रेघ काढली असतीस. ती मला बघायची नव्हती. तुझ्यावर घेतला तो संशयही मला त्यापेक्षा सोपा गेला असावा. माफ कर असं मी लिहीत नाही, तुला सवय नाही.

गोडबोल्या परवा आला तेव्हा मी त्याला रोलरपाशीच अडवलं आणि यंत्र चालू ठेवलं, म्हणजे त्याला गोड बोलायचं असलं तरी ओरडून बोलावं लागेल. तो म्हणाला म्हातारी माणसं सगळ्यांनाच बाळ म्हणतात, त्यात गैर ते काय. खरं-खोटं त्याचं त्याला माहीत. पण बाबांनी बाळ म्हणून हाक मारली तेव्हा त्याने दरवेळी ओ दिली, बाळ. दरवेळी. मी त्याला सांगितलं की सही मिळणार नाही आणि मागचं दार आता आतून बंद असेल. फिटर नुसता पाना हातात घेऊन उभा राहिला, तेवढ्याने पाकीट परत मिळालं.

पानांवर एकही लाल गोल नाही. फक्त पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'बाळ' लिहिलं आहे. दोनदा. आपण विसरू नये म्हणून लिहून ठेवतो ना, तसं.

तुझी,
ताई

*

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र खिशात घेऊन हिंडतो आहे. बरीच वर्षं पानं लाल होऊन परत येत होती, म्हणून पुढेही येतील असं मी धरलं. बाबा फोनवर हवेचंच बोलतात, म्हणजे त्यांना बोलायचा कंटाळा, असं धरलं. तू आहेस म्हणजे सगळं ठीक, हे तर विचार न करताच धरलं. कोणी धरलं, असं विचारणारं माणूसच हरवत होतं आणि मी देशोदेशीचा गहू मोजत बसलो.

मोठी रजा टाकली आहे. प्रकरण हातात नाही, त्यामुळे कुणी अडवलंही नाही. पुढच्या आठवड्यात येतो. गिरणी राहील, तू चालवशील तोवर राहील. पीठ कोण खाईल ते आपण दारात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडे बघून ठरवू.

पण ताई, मला एक भीती आहे आणि ती तुलाच सांगू शकतो. त्यांचा बाळ तर येऊन गेला. पानं घेऊन गेला, गिरणी मागून गेला. आता मी दारात उभा राहिलो आणि त्यांनी विचारलं की साहेब, आपण कोण, तर मी काय सांगायचं?

लोभ मागत नाही या खेपेला. नुसतं लिही.

बाळ

*

११ मार्च

चि. बाळ यास,
तुझ्या ताईचे अ. उ. आ.

ये. काहीही धरून येऊ नकोस, पिशवी धरून आलास तरी पुरे. विचारतील, साहेब आपण कोण. मलाही मागे एकदा विचारलं होतं. मी मागे वळून भिंतीशी रडले आणि पुन्हा समोर येऊन सांगितलं की ताई. तेवढ्यापुरतं पटलं त्यांना.

तुझी पानं त्यांच्या टेबलावर ठेवली आहेत, लाल पेन्सिलीसकट. उघडत नाहीत, पण हात ठेवून बसतात. गोडबोल्याबद्दल एकदाही विचारलं नाही. बाळ कधी येणार, हे मात्र रोज विचारतात, म्हणजे जो येऊन गेला तो पुरेसा झालेला नाही असं दिसतं.

संध्याकाळी पट्टे थांबले की मी त्यांना अंगणात नेते. गिरणीच्या पायऱ्या उतरताना मी उजवा हात धरते. काल पहिल्याच पायरीवर त्यांनी दचकून विचारलं, कोणी धरलं? मी म्हटलं, मी धरलं, ताईने. दुसऱ्या पायरीवर पुन्हा तेच. तिसऱ्यावर पुन्हा. समासात लिहायचे ना, अगदी तसं, एकही सोडत नाहीत.

डावा हात मोकळा असतो. तो तुझ्यासाठी ठेवला आहे. त्या बाजूलाही विचारतील, प्रत्येक पायरीवर विचारतील. कंटाळू नकोस. दरवेळी ओ दे.

वाट बघणारी,
ताई