एकही चूक नाही

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन करतो तेव्हा बाबा शेजारी असतात, म्हणून हे आधी तुला पत्रात लिहितो. मला सिनेमात काम मिळालं आहे. या वेळी प्रेताचं नाही.

सगळे ज्यांना तात्या म्हणत, ते जुने नट तुला आठवतील. नेहमी नायिकेचे वडील, नाहीतर न्यायाधीश. त्यांच्या शेवटच्या सिनेमाचं चित्रीकरण झालं, आवाज द्यायचा राहिला, आणि तेवढ्यात ते गेले. माझा आवाज त्यांच्या आवाजाशी जुळतो, असं दिग्दर्शकांचं म्हणणं. मी काचेच्या खोलीत उभा राहतो, समोर पडद्यावर तात्यांचे ओठ हलतात आणि त्यांवर मी शब्द बसवतो. नीट जमलं तर पुढच्या सिनेमात मला चेहऱ्यासकट घेणार आहेत.

एकच अडचण आहे. तात्या ‘पाहिजे’ला ‘पाहिजेल’ म्हणत. मी शुद्ध म्हणून पाहिलं, पण शेवटी त्यांची जीभ टाळूला टेकलेली पडद्यावर दिसते, त्यामुळे ‘ल’वाचून सुटका नाही. शाळा अर्ध्यात सोडलेल्यालाच शुद्धलेखनाचा एवढा पुळका कसा, असं रेकॉर्डिस्टने सगळ्यांदेखत विचारलं. तेव्हा जड मनाने ‘पाहिजेल’ म्हणतो.

पत्र दोनदा वाचून पाहिलं आहे. चूक सापडली तर कळव. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
बारकू

११ जून

चि. बारकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चूक शोधायला भिंग घेऊन बसले. एकच सापडली. मला ‘ती.’ काय लिहितोस? तीर्थरूप म्हटलं की हातात काठी आल्यासारखं वाटतं. साधं प्रिय लिही की.

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, पोरगं आजवर नुसतं पडून राहायचं काम करत होतं, आता निदान तोंड तरी उघडेल. डोळे गेल्यापासून तुझ्या रविवारच्या फोनवरच त्यांचा आठवडा चालतो. शनिवारीच फोन उशाशी ठेवायला लावतात. मी शिलाई मशीनवर बसले की पायाचा आवाज बंद कर म्हणतात, तुझा फोन ऐकू येणार नाही म्हणून.

या रविवारी तू मला विचारलंस की औषध कुठलं पाहिजेल. मी हसले. बाबा हसले नाहीत. तोंडातला घास तसाच ठेवून बसले.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

‘ती.’ बदलणार नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. हे उलटं झालेलं पत्र आलं तर ते माझं नव्हेच समज आणि खुशाल फाडून टाक.

मी ‘पाहिजेल’ म्हणालो हे मला आठवत नाही. अर्धवट झोपेत नाही, भर दिवसा नीट आठवून पाहिलं.

तात्यांच्या पत्नी रोज स्टुडिओत येऊन काचेपलीकडे बसतात. मी त्यांना काकू म्हणतो. काकू म्हणाल्या, तात्या वाक्य सुरू करण्याआधी नाकाने छोटा श्वास घेत. रेकॉर्डिस्टने तपासलं, तर पहिल्या दिवसापासून माझ्या प्रत्येक वाक्याआधी तो श्वास आहे. मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बाबांना सांगू नकोस. काल कोर्टाचा प्रसंग होता. माझा घसा बसला होता, म्हणून ओठ सुरू झाले तरी मी गप्प राहिलो आणि थांबा म्हणून हात वर केला. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने छान म्हणून अंगठा वर केला. म्हणाला, आजवरचं सगळ्यांत चांगलं झालं. मला ऐकवलंही. पूर्ण वाक्य होतं. मी तोंड उघडलं नव्हतं, ताई.

माझी खोली लांब पडते म्हणून काकूंनी त्यांच्याकडे राहायला बोलावलं, आता तिथेच राहतो. तात्यांच्या चपला अजून दारात आहेत. पाय सरकवून पाहिला, मापाच्या निघाल्या. आज संध्याकाळी दार उघडताना काकू मला म्हणाल्या, अहो, आज लवकर आलात. मग स्वतःच ओशाळल्या. मीही हसण्यावारी नेलं.

आता थोडंच काम उरलं आहे. ते झालं की घरी येतो. दोनदा वाचलं. विसर पडू देऊ नकोस.

तुझा,
बारकू

२७ जून

चि. बारकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चेष्टा पुरे झाली. उरलेलं काम टाक आणि निघून ये.

रविवारी तुझा फोन आला. बाबांनी ऐकून घेतलं, नम्रपणे उत्तरं दिली, आणि मग म्हणाले की आपली चौकशी पोचली, आता आमच्या बारकूला द्या. तू सांगितलंस की मीच बोलतोय. त्यांनी फोन पालथा ठेवला. मला विचारलं, ते वयस्कर गृहस्थ कोण, आणि पोराच्या फोनवर ते का बोलतात? तूच होतास असं मी शपथेवर सांगितलं, तर म्हणाले, मला डोळे नाहीत, कान आहेत.

खरं सांगू का? मलाही तुझा आवाज ओळखू आला नाही. मी फक्त नंबर पाहिला होता.

तेव्हापासून ताट न जेवताच बाजूला सारतात. बोलू नकोस म्हणतात, नुसता ये आणि हात हातात दे. हाताने ओळखेन म्हणतात. सिनेमात चेहरा नाही आला तरी चालेल रे. तू ये.

वाट पाहते.

तुझी ताई

५ जुलै

चि. ताई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. हिने वाचून दाखवलं, चष्मा सापडत नव्हता. तू फार काळजी करतेस, पोरी. या वयात एवढी काळजी बरी नव्हे.

सिनेमाचं काम छान झालं. दिग्दर्शक खूश आहेत, पुढच्यालाही आपलाच आवाज पाहिजेल म्हणतात. त्यामुळे इतक्यात तिकडे येणं होईलसं दिसत नाही. शिवाय हिला एकटं सोडवत नाही. मधे काही दिवस एकटीने काढले बिचारीने.

तुझ्या वडिलांना सांग, बारकू ठीक आहे. इथेच असतो. गुणी मुलगा आहे, फारसा बोलत नाही. त्यांना औषधपाणी काय पाहिजेल ते निःसंकोच कळव.

पत्र दोनदा वाचून पाहिलं. एकही चूक नाही.